सशिणीची सातवी कथा

सरकून बसा बाळांनो, दार अडवू नका. एका जंगलात मंजुळा नावाची सशीण होती. ती कथा लिहायची. तसं घरचं सगळं ठीक होतं, तरी लिहायची.

तिच्या संग्रहात सात कथा झाल्या. सहा कोवळ्या गवतावर होत्या. सातवी धाकट्या भावावर. त्याला वाघानं खाल्लं, ते तिनं झुडपाआडून पाहिलं होतं. जसं पाहिलं तसं लिहिलं. ही एक छापून यावी म्हणून तर गवताच्या सहा लिहिल्या होत्या बिचारीनं.

प्रकाशक रानडुक्कर म्हणाला, "ताई, प्रस्तावना कुणाची?"

"लागतेच का?"

"म्हणजे काय! आणि नाव मोठं हवं."

जंगलात मोठं नाव एकच. रानडुकरानं वही थेट तिथं नेऊन दिली.

आठवड्यानं वाघोबांनी दोघांना बोलावलं. "सहा कथा सुरेख. सातवीचा दृष्टिकोन मात्र अरुंद वाटतो. झुडपातून दिसणार ते किती? माझ्या बाजूनं लिहा."

"पण साहेब, माझ्या भावाला तुम्हीच खाल्लंत ना?"

"तेच तर! तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं, आलात कधी विचारायला?"

रानडुक्कर कुजबुजला, "ताई, हो म्हणा. प्रयोग म्हणून खपेल."

मंजुळानं लिहिलं. वाघाची भूक, वाघाचं एकटेपण, दातात अडकलेला कान. प्रकाशनाला ती कथा वाचली, तर हरणंसुद्धा रडली. "किती सोसलंय हो वाघोबांनी!"

मग समीक्षक कोल्हा उठला. "संग्रह थोर आहे. पण सशाच्या बाजूनं एकही कथा नाही, ही उणीव."

मंजुळा टुणकन उठली. "आहे ना! आणलीय मी!" तिनं पिशवीतून जुनी पानं काढली आणि वाचायला लागली. "माझ्या भावाचं नाव बाळकू होतं."



वाघोबांनी कानाला पंजा लावला. "छान! पण नीट ऐकू येत नाही, बाई. जरा जवळ या."

ती गेली. ऐकणारा भेटला की लिहिणारं माणूस कुठंही जातं.

दुसऱ्या आवृत्तीला वाघोबांनी नवी प्रस्तावना लिहिली. "लेखिकेचा दृष्टिकोन मी आता पूर्णपणे आत्मसात केला आहे."

तात्पर्य: बाळांनो, लिहायचंच असेल तर नेहमी मोठ्यांच्या बाजूनं बघावं. तिथून देखावा छान दिसतो, आणि बघायला आपण शिल्लक राहतो.