नाव घातलेली पाटली

गोविंदकाकांच्या कवळीवर त्यांचं नाव आहे. टाळूला लागते त्या बाजूला, बारीक अक्षरांत: 'गोविंद, आदिलाबाद'. "तुमची कवळी कोण चोरणार आहे?" असं माझ्या आईने एकदा विचारलं.

"चोरत नाई वहिनी, अदलाबदल होते! लग्नाच्या घरी चार म्हातारे एकाच मोरीवर तोंड धुतेत. मंग?"

काकांचं भांड्यांचं दुकान आमच्या घराला लागूनच आहे. भांडं घेतलं की त्यावर नाव फुकट घालून मिळतं, मराठीत, तेलुगूत किंवा उर्दूत. मशीन घुर्रर्र करत स्टीलवरून फिरतं आणि काका जिभेचं टोक बाहेर काढून लिहितात. गिऱ्हाईक नसलं की त्यांचा हात शिवशिवतो. त्यांची छत्री, चष्म्याची दांडी, गॅसची शेगडी, दाराची कडी, काहीच सुटलेलं नाही. "ज्याच्यावर नाव नाई त्याले धनी नाई," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणतात.

मी पाचवीत असताना माझ्या कंपासपेटीवर त्यांनी सुंदर देवनागरीत माझं नाव कोरून दिलं. इंग्रजी शाळेत मुली हसतील म्हणून मी त्यावर स्टिकर चिकटवला. काकांनी तो पाहिला आणि पुढचं भांडं मशीनखाली घेतलं.

यंदा त्यांच्या लेकीने, वर्षाताईने, त्यांना जहाजाच्या सहलीला न्यायचं ठरवलं. चेन्नईहून निघायचं, श्रीलंका पाहून परत यायचं. ताईने फोनवर बजावलं, "बाबा, सोनं नेणार असाल तर आधी कस्टमवाल्यांना दाखवून नोंद करून घ्या. नाहीतर परत येताना तिकडूनच आणलं म्हणतील."

काका हरखले. "म्हंजे सरकारबी नाव घालून देते म्हन ना!"

फॉर्म इंग्रजीत असतो, म्हणून हैदराबादच्या कस्टम ऑफिसात सोबत जायला त्यांनी मला विचारलं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते. पण कंपासपेटी आठवली आणि मी हो म्हटलं.

ऑफिसात काकांनी पिशवी सरळ टेबलावर उपडी केली. स्टीलचा डबा, तांब्या, अडकित्ता, कवळीची डबी.

"अंकल, ये सब नहीं," अधिकारी म्हणाले. "सोना, घड़ी, कैमरा, ऐसा कुछ है?"

"नाम तो देखो साब, सबपे है!" म्हणत काका तोंडातली कवळी काढायला निघाले. मी त्यांचा हात धरला.

मग त्यांनी आतल्या खिशातून रुमाल काढला. रुमालात एकच पाटली होती. कमलकाकूंची. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. समुद्र एकदा पाहायचा असं त्या नेहमी म्हणायच्या, आणि हौसेने त्यांचं फार लांबचं जाणं म्हणजे बेल्लमपल्लीचं माहेर. पाटलीच्या आतल्या अंगाला काकांच्या हातचं अक्षर होतं: 'कमल'.

"मालिक कौन?"

"कमल."

"वो साथ जा रही हैं?"

काका पाटली रुमालाने पुसू लागले. मीच मान हलवून नाही म्हटलं.

"फिर आप अपने को मालिक बताइए. नहीं तो घर पे रखके जाइए."

"साब, पूरी उमर नाम डालने में गई," काका हळूच म्हणाले. "दूसरे की चीज पे अपना नाम कभी नहीं डाला." आणि ते रुमालाची गाठ मारू लागले. "चाल पोरी. वर्षाले सांग, मी येत नाई. हिले घरी ठेवून एकटा समुद्र पाहून मी काय करू?"

मी फॉर्म पुढे ओढला. वाचला. पुन्हा वाचला. 'मालक' असा शब्द त्यात कुठेच नव्हता. एक रकाना प्रवाशाच्या नावाचा होता, दुसरा वस्तूच्या ओळखीच्या खुणेचा.

"सर," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला, "यहाँ पैसेंजर लिखा है. पहचान में अंदर वाला नाम लिख दूँ?"

त्यांनी फॉर्म पाहिला, पाटली उजेडात धरून आतलं नाव पाहिलं. "लिखिए."

"तिच्यावर तिचंच नाव राह्यते ना?" काकांनी मला विचारलं.

"तिच्यावर तिचंच. तुम्ही फक्त नेणारे."

परतीच्या बसमध्ये त्यांनी शिक्का मारलेला कागद मांडीवर पसरला. "काय लिवलं हाय? मराठीत सांग."

"की ही पाटली तुमच्यासोबत जाते आहे आणि तुमच्यासोबतच परत येणार आहे."

"परत येनार, असं लिवलं हाय?"

"हो काका."

त्यांनी कागदाची बारीक घडी केली, कवळीच्या डबीत ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

"तिले नागपूरच्या दवाखान्यात नेलं ना," ते म्हणाले, "तवा असा कागद कोनी देल्ला नाई."