निकमकाकांची हिरवळ

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो होतो. निकमकाका अंगणात पालथे पडले होते. गाल मातीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. मी घाबरून हाक मारली, तर हात वर करून म्हणाले, "थांबा. सावली पाडू नका." ते जमिनीची पातळी बघत होते. शेजारी गवंड्याची पाणसळ होती, पण तिच्यावर त्यांचा पुरता भरवसा नव्हता.

काका आमच्या शेजारच्या रो-हाऊसमध्ये एकटे राहतात. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर सुटे भाग तपासले. केसाएवढा फरक निघाला की माल परत. निवृत्त झाले, तरी नजर कामावरच राहिली. आमच्याकडे चहा घेताना आधी कपाच्या कडेवरून बोट फिरवतात. कोणी 'अंदाजे' म्हणालं की लगेच विचारतात, "अंदाजे म्हणजे किती?" यातून रिक्षावाले सुटले नाहीत, डॉक्टरही नाहीत.

निर्मलाकाकू गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी काकांनी अंगणातली फरशी उखडली. काकूंना तिथे हिरवळ हवी होती, एवढं आम्हाला ठाऊक होतं. नर्सरीतून तयार लॉन आणा, एका दिवसात अंगण हिरवं होईल, असं सगळ्यांनी सुचवलं. काका म्हणाले, "ते अंथरणं झालं. मला उगवलेलं बघायचंय." आणि हरळीचं बी घेऊन आले.

मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या ताराबाईंनी ते ऐकलं आणि पाटी खाली ठेवून हसत सुटल्या. "हरळी? इकत आणली? अवो काका, आमची पाठ मोडली मळ्यातली हरळी काढता काढता. आमच्याकडं या ना, लय हाय!"

काका शांतपणे म्हणाले, "तुमची लेव्हलमध्ये नाही."

माती चाळणीने चाळली. खडे वेचले. खसखशीसारखं ते बारीक बी वाळूत कालवून आधी उभं फेकलं, मग आडवं. वरून शेणखताचा हलका थर आणि हलका रोलर. आता फक्त पाणी द्यायचं होतं, तेवढ्यात नांदगावहून फोन आला. मेव्हण्याला दवाखान्यात ठेवलं होतं. "कोरडं बी थांबतं. आल्यावर पाणी देऊ," असं म्हणून काका गेले. पाणी मी देतो म्हटलं, तर माझ्या हाताकडे बघून नको म्हणाले.

आठवड्याने परतले आणि फाटक उघडताच त्यांच्या डोक्यावरून एक पक्षी किंचाळत गेला. टिटवी होती. अंगणाच्या बरोब्बर मध्यभागी, त्यांनी गाल टेकून सपाट केलेल्या मातीत, तिने अंडी घातली होती. मातकट, काळे ठिपके असलेली.

गल्लीत चर्चा सुरू झाली. टिटवीचं ओरडणं वाईट, अंडी उचलून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर ठेवा, असं वरच्या बाजूच्या आजी सांगून गेल्या. "जागा बदलली तर ती बसेल का?" काकांनी विचारलं. आजी म्हणाल्या, "बसेल अंदाजे." झालं. विषय संपला.

पाणी दिलं नाही. फवारा अंडी भिजवेल, पाइप ओढताना तुडवली जातील, अशी काकांना भीती. मार्च संपून एप्रिल लागला. माती तापून भेगाळली. बी मुंग्यांनी वाहून नेलं, चिमण्यांनी टिपलं. याच चिमण्यांना ताट वाजवून हाकलायचं काकांनी ठरवलं होतं. आता ते मागच्या दाराने ये-जा करत. पेपरवाल्यालाही पेपर मागेच टाकायला सांगितला होता. पुढच्या खिडकीत खुर्ची टाकून दिवसभर बसत.

एकदा मी त्यांच्याबरोबर बसलो होतो. त्यांनी कुंपणाशी पसरट परात भरून ठेवली होती. एक टिटवी परातीत उतरली, पोट भिजवलं आणि तशीच जाऊन अंड्यांवर बसली. बसलेली होती ती उठून गेली.

"बघितलंत? अंडी गार ठेवतात," काका कुजबुजले. "नर आणि मादी. पाळी लावलीय. आमच्यासारखी शिफ्ट."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मी रात्रपाळीहून यायचो तेव्हा ही डबे करत असायची. ती दुपारी टेकायची तेव्हा मी झोपलेला. म्हणायची, अंगणात हिरवळ करा, संध्याकाळी दोघं बसू. म्हटलं, रिटायर होऊ दे." त्यांनी खिडकीबाहेर टिटव्यांकडे बोट दाखवलं. "हे दोघं बदलीच्या वेळी थोडं थांबतात एकमेकांपाशी. मी बघतो रोज."

एका सकाळी अंडी फुटली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं आईबापांच्या मागे फाटकाखालून रस्त्यावर आली. समोरून शाळेची बस येत होती. काका बनियनवरच धावले आणि दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभे राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, टिटव्या काकांच्याच टाळूवर झेप घेत होत्या, आणि काका ओरडत होते, "अहो, इंजिन बंद करा! लहान आहेत ती!" शेवटचं पिल्लू प्लॉटमधल्या गवतात शिरलं, तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतले.

मी त्यांना घरापर्यंत सोडलं. अंगण उघडंबोडकं पडलं होतं. मी म्हटलं, "चला काका, आता पुन्हा बी टाकू."

"टाकू की," ते म्हणाले. वाकून मातीतली एक भेग बोटाने बुजवली. मग म्हणाले, "आज नको. तुम्हाला ऑफिसची घाई आहे का? जरा आत येता? चहा टाकतो. आज घरात फार शांत वाटेल."

त्यांनी पुढचं दार उघडलं. मी चपला काढून आत गेलो.