पारोळ्याला बंद पडणारी गाडी

सगळं जग गाडी बंद पडू नये म्हणून कार्बोरेटर बदलतं. मेहरूणमधले आमचे शेजारी भास्करआबा गाडी बंद पडावी म्हणून बदलायचे. तीही कुठेही नाही, पारोळ्यालाच.

गाडीची टाकी एका मोटारसायकलची, इंजिन दुसरीचं आणि सीट जुना सोफा फाडून केलेली. दर शनिवारी आबा तिच्यावरून धुळ्याला पंपाचे सुटे भाग आणायला जात. माझी सासुरवाडी धुळ्याची, म्हणून मागच्या सोफ्यावर मी.

सलीमभाई मिस्त्री पार वैतागले होते. बिचारे भंगारातून एकेक कार्बोरेटर शोधून बसवायचे आणि रविवारी आबा तोंड पाडून हजर.

"सलीम, हाऊ बी बेकार शे. गाडी सरळ धुळ्याले पोचनी."

"आबा, लोक एव्हरेज मांगतात. तुमाला काय पायजे?"

"माले येळवर बंद पडनारा पायजे."

भानगड अशी होती. आबांची लेक सुनंदा हिने आपल्या मनाने लग्न केलं आणि पारोळ्यात, धुळ्याच्या रस्त्यालगतच संसार थाटला. "तिना दारमा पाय ठेवाव नई," अशी शपथ आबांनी भर चौकात घेतली. पुढे एकदा जुना कार्बोरेटर नेमका तिच्या दारासमोर गचकला. सुनंदा पाणी घेऊन आली, बापलेक बाहेरच उभ्याउभ्या तासभर बोलले. बंद पडलेल्या गाडीला शपथ लागू नाही, असा निकाल आबांनी परस्पर देऊन टाकला. त्यानंतर तो कार्बोरेटर दर खेपेला इमानाने पारोळ्यात गचकायचा. मग तो चिरला, आणि शपथ पुन्हा सुरू झाली.

शेवटी सलीमभाईंनी इरेला पेटून कोरा करकरीत कार्बोरेटर बसवला. एरंडोल मागे पडलं तरी गाडीला साधा ठसका नाही. आबा सारखे कान देऊन इंजिन ऐकत होते. पारोळा जवळ आलं, तसा त्यांचा डावा हात हळूच खाली गेला आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून वर आला. मी मागून सगळं पाहत होतो.

पण अंदाज जरा चुकला. गाडी सुनंदाच्या घराच्या अलीकडेच थांबली.

"ढकला मास्तर, सावलीमा लावू," आबा म्हणाले. वाटेत सावलीची तीन झाडं लागली. आम्ही ढकलत ढकलत सुनंदाच्या दारात आलो. तिथे रखरखीत ऊन होतं.

सुनंदा बाहेर आली. "आबा, परत बंद पडनी?"

"नवा कार्बोरेटर शे. भरोसा नई," आबा तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिने वाकून गाडी पाहिली. आडवा केलेला कॉक तिला दिसला. क्षणभर तिचा हात तिकडे गेला आणि तसाच मागे आला.

"हाई आज लवकर चालू व्हवाव नई, आबा," ती म्हणाली. "घरमा या. जेवीसन जा."

आबांनी मुकाट्याने चपला काढल्या.