आकडे सांगणारा नवरा

आवानोसाहेबांच्या घरात जेवायला माणसं दोनच, पण कुसाका रोज पंगतीला असायचा.

"कुसाकासान म्हणाले, जुना संगणक टाकायचा नसतो," शिंपल्यांचं सार निवत ठेवून त्यांची बायको फुमिए म्हणाली. "लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली की पळतो."

"तोच कुठे पळाला तर बरं होईल."

मागच्या गल्लीतला हा विधुर मात्सुए शहराच्या नगरभवनात दर मंगळवारी निवृत्तांना लिनक्स शिकवायचा. त्याचे केस अजून काळे होते. आवानोसाहेबांना ते फार खुपायचे, म्हणून ते वर्गाला जात नसत. बायकोची वर्गातली वही मात्र चोरून वाचत.

आता फुमिएच्या जुन्या संगणकालाही नवऱ्याच्या संगणकातून इंटरनेट हवं होतं. "कुसाकासानना बोलावू? दहा मिनिटांचं काम."

"का? घरातला नवरा मेलाय?"

दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागले. तार जोडली, इंटरनेट पलीकडे गेलं, पण फुमिएने संकेतस्थळाचं कुठलंही नाव लिहिलं की उत्तर एकच: पत्ता सापडला नाही. नावाऐवजी आकडा टाकला की मात्र पान उघडायचं. नावाचा आकडा कुणाला विचारायचा, हे तिच्या संगणकाला कुणी सांगितलंच नव्हतं. वहीचं ते पान सारात भिजून चिकटलं होतं.

पण छत्तीस वर्षं टपालात काढलेला माणूस हार मानतो होय? "नावं नवशिके लिहितात," ते म्हणाले. "जाणकार आकडे टाकतात."

तेव्हापासून घरात आरोळ्या सुरू झाल्या. "अहो, हवामान!" की आवानोसाहेब आपल्या खोलीत धावणार, आकडा शोधणार आणि ओरडून सांगणार. "अहो, ग्रंथालय!" पंधरा दिवसांत सगळे आकडे तोंडपाठ झाले. न्हाणीघरातूनही ते आकडे सांगत. निवृत्तीनंतर इतक्या हाका त्यांना कुणी मारल्या नव्हत्या.

एका मंगळवारी संध्याकाळी ते सार्वजनिक स्नानगृहातून परतले, तर दारात परके बूट. टोकं बाहेर वळवून नीट ठेवलेले. त्यांचा नुसता जळफळाट झाला.

आत कुसाका फुमिएच्या संगणकासमोर बसला होता. "एकच ओळ राहिली होती, आवानोसान. नावं कुणाला विचारायची, ती."

"मुद्दामच ठेवली होती," आवानोसाहेब म्हणाले.

"असं होय!" म्हणत कुसाकाने नम्रपणे मान झुकवली. ते जास्तच झोंबलं.

मग घर गप्प झालं. फुमिए नावं लिहायची, पानं उघडायची. चार दिवसांत एक हाक नाही. कुसाकाचा मत्सर परवडला, तो निदान माणूस तरी होता. आता आवानोसाहेब एका ओळीवर जळत होते. पाचव्या दिवशी फुमिए स्वयंपाकघरात गेल्याचं पाहून ते तिच्या संगणकापाशी गेले. ती ओळच पुसून टाकायची, बस्स.

ओळ जागेवर होती. पण ओळीच्या सुरुवातीला कुणीतरी # अशी खूण केली होती. वहीच्या पहिल्याच पानावर होतं: या खुणेपुढची ओळ संगणक वाचत नाही.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "बिघडलं वाटतं पुन्हा. हवामानाचा आकडा सांगता का?"

आकडा त्यांना तोंडपाठ होता. तरी "थांब, बघून सांगतो" म्हणत ते लगबगीने आपल्या खोलीत गेले, कारण ओरडायचं तर तिथूनच.