सरकारांची डिझेल गाडी सुधारून आणिली त्याची हकीकत

श्री. ज्याच्या कृपेने चाके फिरतात आणि ज्याच्या लहरीने चढावर थांबतात त्यास नमन करून लिहिणे ऐसे जे, शके १९३८ दुर्मुखनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, डोंगरमाथ्यावर जिवाजीराव सरकार राज्य करीत असता त्यांचा दरारा ऐसा की, सकाळी स्वारी निघाली म्हणजे दशदिशा काळवंडत आणि भल्याभल्यांच्या छात्या दडपत. छात्या दडपत त्या डिझेल गाडीच्या धुराने, आणि पहिली दडपे ती राणीसाहेब आवडाबाईंची, कारण त्यांचा सज्जा नेमका गाडीखान्यावर होता.

ऐसे असता, ज्यांणी गाडी केली त्या समुद्रापारच्या कारखानदारांचा खलिता आला आणि तो कारभारी विसोपंतांनी दरबारात वाचिला की, आपली गाडी तपासनीस समोर असता सोज्वळ होते आणि त्याची पाठ फिरताच मनसोक्त धूर सोडिते, ही लबाडी आम्हीच तीस शिकविली, चूक जाहली, गाडी पाठवावी, फुकट सुधारून देऊ. सरकारांनी डोळे मिटले. राज्य करणे म्हणजे रोज कोणी काही विचारावे आणि आपण ठरवावे, याचा त्यांस फार दिवसांपासून कंटाळा होता. दिवाणखान्याच्या पडद्यांचा रंगही अद्याप ठरला नव्हता.

मग विसोपंत म्हणाले, "सरकार, यात गाडीचा गुन्हा तो कोणता? गेल्या साली वरून तपासणी आली तेव्हा आपण गटारावर फळ्या टाकून कुंड्या मांडिल्या, दवाखान्यात दोन धडधाकट शिपाई कण्हत निजविले आणि शाळेत पोरे शेजारच्या राज्यातून उसनी आणिली. गाडीने आपलेच पाहून केले. आज तीस सुधारावयास धाडिली तर उद्या आम्हांसही कोणी बोलावील."

आणि राणीसाहेबांचे बंधू राणोजी, जे जेवणवेळ साधून दरबारास येत, ते म्हणाले, "दाजी, मुळीच धाडू नका. आमच्या दोस्ताने सुधारून आणिली, ती आता चढावर म्हैस बसावी तशी बसते. सुधारली म्हणायचे, तुम्ही लग्नानंतर सुधारलात तशी."

दरबार हसला, आणि हसणे थांबते तो वरून खोकला ऐकू आला आणि खोकल्यामागून आवडाबाई जिना उतरून आल्या आणि कठड्यास धरून म्हणाल्या, "माझा खोकलाही परत घेतात का, विचारा त्यांना. अमावास्येला मी माहेरी निघाले. धूर थांबला की निरोप धाडा, नाही थांबला तर नका धाडू."

माहेर म्हणजे राणोजींचेच घर. ते तात्काळ उभे राहून म्हणाले, "दाजी, मी काय म्हणतो, फुकट आहे, तर घ्या ना सुधारून!"

सरकारांस आठवले की, गाडी नवी आली तेव्हा घाटातल्या उंटमानेच्या वळणावर ती एका दमात चढली आणि शेजारी बसलेल्या आवडाबाई पदर सावरीत मोठ्याने हसल्या होत्या. तो चढ आणि ते हसणे, दोन्ही ठेवावी ऐसे मनात होते, परंतु खलित्यात तशी सोय नव्हती. मग त्यांणी उसासा टाकिला आणि म्हणाले, "धाडा."

गाडी गेली आणि सुधारून आली, आणि सरकारांनी आवडाबाईंस शेजारी बसवून पायथ्यापासून स्वारी काढिली. धूर नाही, खोकला नाही, आणि उंटमानेच्या वळणावर आल्यावर गतीही नाही. गाडी गुमान उभी राहिली आणि हळूच मागे यावयास लागली, तेव्हा सरकारांनी ब्रेकवर पाय दाबिला. हँडब्रेक तर केव्हाचाच नावापुरता उरला होता.

"आता हो?" आवडाबाई म्हणाल्या.

"बघतो," सरकार म्हणाले.

आवडाबाईंनी छाती भरून श्वास घेतला, पुन्हा एक घेतला, आणि दार उघडून उतरल्या. "तुम्ही बघा. मी चालत पुढे होते, चहा ठेवते," ऐसे म्हणून ते अख्खे वळण न थांबता चढून गेल्या, आणि वरून त्यांचे हसणे ऐकू आले.

एकूण मतलब इतकाच की, त्या राज्यात प्रामाणिक ऐसी एकटी गाडी जाहली, राणीसाहेब राहिल्या आणि पडद्यांचा रंग ठरावयाचा राहिला. हे लिहिते समयी सरकार ब्रेकवर पाय देऊन तेथेच आहेत. त्या वाटेने कोणी जात असल्यास मागल्या चाकास तेवढा एक दगड लावावा.