डोंगरेजींच्या तारेतला दुसरा सूर

आमचे शेजारी श्रीयुत डोंगरेजी यांच्या गच्चीवर जाण्याची ज्यास इच्छा असेल, त्यास प्रथम जिन्याच्या पायथ्याशी एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर द्यावे लागते. "अंगावर लोखंड किती हाय?" किल्ल्या, छत्री, पट्ट्याचे बक्कल, अडकित्ता, सर्व काही तेथील परातीत काढून ठेवावे लागते. परात अर्थातच पितळेची. मी कचेरीसमोर टेबल टाकून जनतेचे अर्ज लिहिणारा, मोहल्ल्यात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा मनुष्य. परंतु स्कूटरच्या अपघातानंतर माझ्या मांडीत सळई बसविली आहे, हे त्यांना कळले आणि माझा प्रवेश वरच्या पायरीवरच संपला.

"तिथूनच बोला, मुन्शीजी. बुरा मत मानना, पण तुमी आतून लोखंडी हाय."

डोंगरेजी येथील, म्हणजे जबलपूरच्या, एका कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांचे तेथील सोबती पटेलजी निवृत्तीनंतर जवळच्या मझौली गावी शेती पाहू लागले. दोघेही परवानाधारक हौशी रेडिओवाले. रोज दिवेलागणीस हे दोघे वृद्ध कट्-कट्ट अशा तारायंत्राच्या भाषेत एकमेकांशी संभाषण करीत. विषय म्हणाल तर मझौलीत मटार कसा आला आणि जबलपुरात त्याची भाजी कशी झाली. दिवाळीनंतर एका संध्याकाळी पटेलजींचे उत्तर आले नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही, आणि त्यापुढे कधीच नाही. डोंगरेजींनी निदान केले की दोष आपल्या अँटेनात आहे.

सदर अँटेना घरगुती होता : मध्ये उंच बांबू आणि त्यावरून दोन्ही बाजूंस उतरलेली तांब्याची तार. प्रत्येक तारेस आपला एक सूर असतो आणि त्या सुरावर मीटरचा काटा खाली बसतो, असे मला समजावण्यात आले. डोंगरेजींचा काटा योग्य जागी बसे. पण त्याच्या अलीकडे, कोणी न बोलावता, आणखी एके ठिकाणी बसे.

"मधात कोणी दुसरंच बोलून राहिलं माझ्या तारेत," ते म्हणत. "पटेल तिकडून बोंबलत असन, अन् हे मधात!"

पटेलजींचा फोन बंद लागे. डोंगरेजी म्हणत, "बंदच ठेवते तो. फोनवर त्याले बोलताच येत नाही." कोपऱ्यावरचा पानवाला सांगे, "चाचा, मझौली कौन दूर है? बस पकड़ो और हो आओ." त्यावर डोंगरेजी रागावत. "अँटेना असा अर्धा सोडून जाऊ काय, भैया?"

म्हणून सारा हिवाळा आरोपींचा शोध चालला. वीज खात्याने आपला खांब हलवावा, असा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतला. खांब हलला नाही. समोरच्या गुप्ताजींच्या टिनाच्या छपराविरुद्ध मी इतका जोरदार अर्ज लिहिला की गुप्ताजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. काटा मात्र दोन जागी बसतच राहिला.

एके सकाळी आमच्या सौभाग्यवती गच्चीवर कपडे वाळत घालत असता पलीकडून डोंगरेजी ओरडले, "वहिनी, ती चादर काढा!"

सौभाग्यवतींनी घाबरून काढली.

"आता घाला! काढा! घाला!"

"भाऊजी, कपडे वाळू घालू का कवायत करू?"

पण डोंगरेजी आनंदाने नाचत होते. प्रत्येक ओल्या चादरीबरोबर तो आगंतुक सूर जागेवरून सरकत होता. दोषी आमची कपड्यांची तार होती : लोखंडी, गच्चीपासून मागच्या जांभळापर्यंत ताणलेली, त्यांच्या तारेच्या अगदी समांतर. ती त्यांच्या तारेबरोबर आपोआप गात होती.

तिसरा अर्ज माझ्याविरुद्ध होता. मोहल्ल्यात दुसरा अर्जनवीस नसल्यामुळे तोही मीच लिहिला, आणि निष्पक्षपणे सांगतो, तिन्हींत तोच सरस उतरला. तार उतरवून डोंगरेजींच्या स्वाधीन केली. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून नायलॉनची दोरी आणून बांधली.

त्या संध्याकाळी मला सळईसकट गच्चीवर नेण्यात आले. काटा एकाच जागी बसला. डोंगरेजींनी तो मला दोनदा दाखविला, केस नीट केले आणि पटेलजींना हाक घातली. आम्ही थांबलो. यंत्रातून नुसती सरसर. त्यांनी पुन्हा हाक घातली. या वेळी उत्तर आले. डोंगरेजी अर्धे उठले आणि खाली बसले.

"केरळचा कोणी हाय. म्हणून राहिला, तुमचा सिग्नल एकदम साफ येते."

त्यांनी त्या गृहस्थाचे आभार मानले. नंतर पटेलजींना पुन्हा, आणि पुन्हा. साऱ्या हिवाळ्यात ज्यांना आरोपी सापडण्यास कधी अडचण आली नाही, त्यांनी त्या संध्याकाळी कोणाचेही नाव घेतले नाही. चहा आला तो तसाच निवला.

सकाळी दार वाजले. डोंगरेजी आमच्या लोखंडी तारेचे वेटोळे खांद्यावर घेऊन उभे होते.

"वहिनी, नायलॉनवर कपडे बराबर वाळत नाहीत."

"नाही हो भाऊजी, छान वाळतात."

"झोल पडते त्याले. वजन घेत नाही ते."

ते सरळ गच्चीवर गेले, दोरी सोडली आणि तार जांभळास बांधू लागले. मी म्हणालो, "अहो डोंगरेजी, आता तर सर्व ठीक झाले होते."

"पकडा तिकडून, मुन्शीजी."

मी पकडले.

तार ताणून झाल्यावर ते लगबगीने आपल्या गच्चीवर गेले. इकडे सौभाग्यवतींनी एक ओली चादर तारेवर टाकली. थोड्या वेळाने पलीकडून हाक आली, कित्येक दिवसांत ऐकली नव्हती इतकी मोकळी.

"पडला, मुन्शीजी! काटा दोन जागी पडला! असं असल्यावर पटेल कसा ऐकू येईन?"

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले आणि बादलीतली दुसरी चादरही न पिळता तशीच तारेवर घातली.