बंटी बोकडाचे तीस टक्के

मनुष्य हरतो तेव्हा एकटा हरतो. जिंकतो तेव्हा मात्र शासन त्याच्यासोबत जिंकते. पत्ते, लॉटरी, पैज यांतल्या कमाईवर सरसकट तीस टक्के कर आहे आणि हरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही. ही तरतूद अत्यंत न्याय्य म्हटली पाहिजे, कारण दुसऱ्याच्या दुःखात हात घालणे शासनाला शोभत नाही. (कलमाचा आकडा इथे मुद्दाम दिलेला नाही. आमच्याकडे कुठलाही आकडा दिसला की लोक तो लावून टाकतात.)

या तरतुदीचा मान आजवर आमच्या भागात एकाच माणसाने राखला. ते म्हणजे बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीतले हरिभाऊ, सेवानिवृत्त हेडक्लार्क. हरिभाऊंनी नोकरीत असताना ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आणली नाही. एकदा शर्टाला अडकून आली, तर दुसऱ्या दिवशी अर्जासह परत केली.

आमच्या गल्लीत अठरा घरे आहेत. त्यांतल्या सतरा घरांत पत्त्यांचा कॅट आहे आणि जुगार खेळणारा एकही नाही. पोळ्याच्या संध्याकाळी पोळा फुटला, बैल घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, घेऊन परतले की अण्णाजींच्या ओसरीवर सतरंजी पडते. तिच्याभोवती सतरा घरांतले पुरुष केवळ पाहायला जमतात. मीही जातो. पाहण्यात माझे मागच्या वर्षी घड्याळ गेले. पोळ्याला सतरंजीवर बसले नाही तर बैलांना वाईट वाटते, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. गल्लीत बैलजोडी फक्त कैलासकडे. तिला विचारून पाहिले, ती काही बोलली नाही.

हरिभाऊ अठराव्या घरातले. यंदा ते ओसरीवर आले ते अण्णाजींना पुरणपोळीचा डबा द्यायला. नेमका तेव्हा एक हात कमी पडत होता. अण्णाजी म्हणाले, "बसा जी हरिभाऊ. एक डाव. कोणी खाऊन नाई राह्यलं तुमाले." हरिभाऊ भिडस्त. बसले.

आता तीन पत्तीचा सगळा खेळ खोटे बोलण्यावर चालतो, आणि हरिभाऊंना खोटे बोलता येत नाही. पत्ते हातात आले की ते मोठ्याने सांगायचे, "माझ्याकडे तीन राण्या आहेत, तुम्ही आपले पैसे वाचवा." एवढ्या उघड बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? सगळ्यांना वाटले, म्हातारा मुरलेला आहे. लोक पैसे टाकत गेले, आणि हरिभाऊ दरवेळी खरोखरच तीन राण्या, तीन गुलाम वगैरे खाली ठेवत गेले. मग जिंकलेले पैसे ज्याचे त्याला सुट्यांसह परत देत गेले, कारण त्यांना तो सराव वाटत होता. शेवटच्या डावात कैलासचा खिसा रिकामा झाला. तो तावात होता. "माह्या मायचा बोकड लावला," तो म्हणाला. हरिभाऊ म्हणाले, "लावू नकोस रे, माझ्याकडे तीन एक्के आहेत." कैलास मोठ्याने हसला आणि त्याने पत्ते उघडायला सांगितले.

तीन एक्के होते.

पैसे सराव म्हणून परत गेले, पण बोकडाला सराव म्हणता येईना. बोकडाचे नाव बंटी. कैलासची आई भागीरथाबाई हिने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवले होते, आणि तो पणाला लागला तेव्हा ती घरात त्याच्यासाठीच भाकरी कुस्करत होती. उलट बाजूला गल्लीचा हिशेब असा होता, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिंकणारा सगळ्यांना मटण खाऊ घालतो. रात्रीच तिचे घर सोडून सोळा घरांत रश्श्यासाठी खोबरे भाजले गेले. वास भागीरथाबाईपर्यंत गेला आणि तिला सगळे कळले.

सकाळी ती हरिभाऊंच्या दारात उभी. "भाऊ, मी काई भांडाले नाई आली. बंटीची माय मेली तवा हा येवढासा होता. लेकरू हाय ते माहं. त्याले कापू नका."

"कापण्याचा प्रश्नच येत नाही," हरिभाऊ म्हणाले. भागीरथाबाईला हायसे वाटले. "बक्षीस वस्तुरूपात असेल तर त्यावरचा कर भरल्याशिवाय ते ताब्यात घेता येत नाही. बोकड अजून माझा झालेला नाही."

"मंग मी नेतो त्याले."

"तोही नेता येत नाही. तुमच्याकडून तो गेलेला आहे."

अशा प्रकारे बंटी अण्णाजींच्या अंगणातल्या कडुनिंबाला, कोणाचाच नसलेला बोकड म्हणून बांधला गेला. भागीरथाबाई बाजूला खाट टाकून बसली. सुमतीकाकू, म्हणजे हरिभाऊंच्या सौभाग्यवती, तिला चहा नेऊन देत आणि घरी येऊन म्हणत, "अहो, देऊन टाका ना त्या बाईचं जनावर. उभ्या जन्मात एक टाचणी आणली नाहीत, आता बोकड काय आणता?" हरिभाऊ म्हणत, परत देणे म्हणजे करपात्र उत्पन्नाची विल्हेवाट. त्या दिवशी तान्हा पोळा होता. लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला आलेल्या मुलांना त्यांनी आधी पॅन विचारला.

पुढचा प्रश्न मूल्यांकनाचा. मटणवाल्या रोशनला बोलावले. त्याने दोन भाव सांगितले, उभ्याचा आणि कापून. उत्पन्न उभ्याने मिळाले असल्यामुळे उभ्याचा भाव धरण्यात आला: चौदा हजार. हीच खरी अडचण झाली, कारण बक्षीस दहा हजारांच्या आत असते तर आधी कर कापण्याची भानगड नव्हती. भागीरथाबाईने त्याला इतके प्रेमाने खाऊ घातले होते, की तो मर्यादा ओलांडून गेला. गल्लीत यावर बरीच चर्चा झाली. बंटीला आठवडाभर उपास घडवून दहा हजारांच्या खाली आणावे, अशी एक सूचना आली. सूचना रीतसर मंजूर झाली, पण बंटीने त्याच दुपारी सतरंजीचे एक टोक खाऊन वजन राखले. (वाचकांची अपेक्षा असेल की तो करभरणीचे कागदही खाईल. नाही. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवले.)

कैलासने वेगळा तोडगा काढला. "काका, तीस टक्केच हाय ना? मागचा एक पाय अन् थोडं पुठ्ठं सरकारले देऊन टाका. बाकीचं रोशन करते."

भागीरथाबाई खाटेवरून उठली. "माह्या बंटीचे तीस टक्के कोण काढते, मले पाहू दे. तुहे काढतो मी पह्यले." कैलास दोन दिवस शेतावरच जेवला.

शेवटी हरिभाऊ वर्ध्याला पुतण्याकडे गेले. पुतण्या मिहिर लोकांची रिटर्न भरून देतो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, शेतीचं उत्पन्न दाखवा. कर नाही लागत."

"माझी शेती नाही."

"मी शेती आहे का असं विचारलंच नाही."

मिहिरचा सल्ला अनुभवाचा होता. आमच्या गल्लीने दाखवलेली शेती एकत्र मोजली, तर ती बोरगाव मेघेत सुरू होऊन सेलू ओलांडते आणि नागपूरच्या विमानतळावर थांबते, तीही विमानांना अडचण नको म्हणून. माझ्या स्वतःच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत. त्यांत मागल्या साली सव्वा लाखाची तूर झाली. पण हरिभाऊ ऐकतील तर ते हरिभाऊ कसले. त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून चार हजार दोनशे रुपये भरले आणि प्राप्तिकर कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिले: उत्पन्नाचे स्वरूप, तीन पत्ती, स्थळ, अण्णाजींची ओसरी, वस्तू, बोकड, रंग काळा, एका कानावर पांढरा ठिपका.

इथवर सगळे ठीक होते. पण हेडक्लार्कचा हात तो. पत्र संपले तरी हात थांबेना. खाली त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने लिहिले, 'प्रत माहितीस्तव सविनय सादर', आणि एक प्रत ग्रामपंचायतीला, एक पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि एक पोलीस ठाण्याला पाठवून दिली.

पाचव्या दिवशी जमादार अंकुशभाऊ प्रत घेऊन गल्लीत आले. भला माणूस. पोळ्याच्या रात्री बंदोबस्ताला तेच होते, आणि बंदोबस्त नीट व्हावा म्हणून सतरंजीला अगदी टेकून बसले होते. चिवडाही खाल्ला होता. ते म्हणाले, "माहं काई म्हणणं नाई. पण लेखी आलं त लेखी उत्तर लागते. कोण कोण खेळलं, सांगा."

मग एकेकाचा जबाब झाला. मास्तर म्हणाले, पाहत होतो. बँकेतले म्हणाले, पाहत होतो. मीही तेच सांगितले, आणि माझे तर खरेही होते. अण्णाजी म्हणाले, "ओसरी माही हाय, पण मी त झोपलो होतो. झोपीत पाहून राह्यलो होतो." कैलासला विचारले, तुह्या हातात पत्ते होते ना? तो म्हणाला, "होते. पण मी त फक्त पाहून राह्यलो होतो त्याइकडे."

सगळ्यांच्या सह्या झाल्या. अंकुशभाऊंनी जबाब एकत्र वाचले आणि निष्कर्ष असा निघाला: पोळ्याच्या रात्री अण्णाजींच्या ओसरीवर हरिभाऊ एकटेच तीन पत्ती खेळत होते आणि बाकी गल्ली ते पाहत होती. एकट्याने पत्ते खेळणे हा गुन्हा नाही. एकटा माणूस कोणाकडून काही जिंकूही शकत नाही. सबब, बोकड जिंकला गेलाच नाही.

भागीरथाबाई बाकीचे ऐकायला थांबली नाही. तिने दावे सोडले, बंटीच्या मानेला मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडली. बंटी तिच्या पदराचे टोक खात घरी गेला. भाजलेले खोबरे सोळा घरांत वांग्यात पडले.

फक्त हरिभाऊ ओसरीवर बसून राहिले. त्यांना वाईट वाटले होते आणि त्यांनी ते बोलून दाखवले. "पैशांचं काही नाही," ते म्हणाले, "पण इतक्या जणांत एकाला तरी म्हणता आलं असतं, की हरिभाऊ, आम्ही तुमच्याशी खेळलो." अण्णाजी सतरंजीची घडी घालू लागले. संध्याकाळी भागीरथाबाई त्यांच्या घरी वाटीभर खीर देऊन गेली. हरिभाऊंनी वाटीची किंमत विचारली नाही, ही सुमतीकाकूंच्या मते प्रगती आहे. न झालेल्या उत्पन्नावर भरलेला कर परत मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला आहे. परतावा व्याजासह येतो, आणि त्या व्याजावर कर असतो, म्हणून ते आतापासूनच आनंदात आहेत.

जाता जाता अंकुशभाऊंनी एक गोष्ट सांगितली, ती इथे नमूद केली पाहिजे. जुगार चालू असताना जो तिथे बसलेला सापडतो, तो खेळायलाच आला होता असे कायदा धरून चालतो. नव्हतो खेळत, हे त्याचे त्याने सिद्ध करायचे. पण अंकुशभाऊ स्वतःही बसलेले होते, त्यामुळे त्यांनी विषय वाढवला नाही.

एकच सही राहिली आहे. अंकुशभाऊ म्हणाले, त्या रात्री आणखी एक जण होता. सुरुवातीपासून आला, कोणाशी बोलला नाही, सगळ्यांचे पत्ते पाहिले, हरिभाऊंना हसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. आम्ही म्हटले, तो वाचक.

"काय करून राह्यला होता तो?"

"काही नाही जी. फक्त पाहून राह्यला होता."

"सारेच पाहून राह्यले होते," अंकुशभाऊ म्हणाले, आणि त्यांनी कागद तुमच्याकडे फिरवला आहे. पूर्ण नाव लिहा, आणि शेती किती दाखवता तेही.